साठीनंतरची सुई

बंजारा भरतकामातल्या आरशाला छिद्र नसतं. नखाएवढा काचेचा तुकडा कापडावर बसवायचा तो निव्वळ दोऱ्याच्या जोरावर. आधी आरशावरून दोन आडवे दोरे ताणायचे, मग त्यांच्यात गुंतवून दोन उभे. काचेवर दोऱ्याची चौकट तयार होते. आता सुई चौकटीखालून काढायची, कापडात टोचायची, पुन्हा चौकटीत अडकवायची आणि असं करत गोल फिरायचं. प्रत्येक टाक्यासरशी चौकटीचे दोरे थोडे बाहेर ओढले जातात आणि शेवटी काचेभोवती दोऱ्याचं घट्ट कडं उरतं. ताण कमी पडला की आरसा निसटतो, जास्त झाला की कापड गोळा होतं. हा ताण नेमका किती ठेवायचा ते सांगून येत नाही. ते बोटांना कळावं लागतं, आणि कळायला वर्षं जातात.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर हे कळणारी बोटं आज बहुतेक साठी ओलांडलेल्या बायकांची आहेत. मंगरूळपीरहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हापासून मानोरा वाशिमच्या सहा तालुक्यांपैकी एक. याच तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी असल्यामुळे देशभरातले बंजारा तिला आपली काशी मानतात आणि रामनवमीच्या यात्रेला तेलंगण, कर्नाटकापासून लोक येतात. यात्रेच्या गर्दीत फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि टुकरी (ओढणी) असा पूर्ण पेहराव केलेली बाई दिसली, तर ती बहुधा आजीच्या वयाची असते. सुना साडीत असतात, नाती सलवार-कुर्त्यात. रोजच्या वापरातून पेहराव गेला तसं तो शिवण्याचं कामही मागे पडलं, आणि ज्यांच्या हातात ते काम होतं त्या बायका म्हाताऱ्या झाल्या.

या बायकांच्या सुईदोऱ्याचा त्यांच्या मनाच्या आणि शरीराच्या स्वास्थ्याशी काय संबंध आहे, हा या लेखाचा विषय आहे. एरवी वृद्धांच्या छंदांबद्दल लिहिताना पुण्या-मुंबईतले ज्येष्ठ नागरिक संघ आणि चित्रकलेचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. मानोऱ्यातल्या म्हातारीला कुणी नवा छंद लावून द्यायची गरज नाही. तो तिच्याकडे आहेच. तो तिच्या हातून का सुटला, हे मात्र बघायला हवं. माझ्या मते त्याची कारणं अगदी साधी आहेत आणि त्यातली बरीचशी दूर करता येण्याजोगी आहेत.

थोडं मागे जाऊन या कामाचं मूळ बघू. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखांत पोचवणारे लोक. सैन्यांना रसद यांच्याच तांड्यांनी पुरवली. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि हा धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्काही पुढे बंजारांवर बसला. तो पुसला गेला स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला. वऱ्हाडात तांडे स्थिरावले, लोक शेतीकडे आणि शेतमजुरीकडे वळले. पण भरतकाम आलं ते फिरत्या आयुष्यातून. सजवायला भिंत नव्हती, अंगण नव्हतं. म्हणून जे रोज हाताळायचं आणि सोबत न्यायचं तेच सजवलं गेलं: अंगावरचे कपडे, सुपारी-तंबाखूच्या पिशव्या, बैलांच्या झुली, घागरीखालची कवड्यांची चुंबळ आणि तिला मागे जोडलेला भरलेला चौकोन. डोक्यावर पाणी घेऊन बाई चालायला लागली की तो चौकोन पाठीमागे हलायचा. जाड सुती कापडावर लाल, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा दोरा; त्यात आरसे, कवड्या, लोकरीचे गोंडे, जुनी नाणी. नक्षी बहुतेक भूमितीची, आणि कापडावर पेन्सिलीने काहीही न रेखता केलेली. बाई कापडाचे धागे मोजत जाते. चार धागे सोडून एक टाका, पुढच्या ओळीत एक धागा सरकून पुन्हा तसंच. सगळा हिशेब डोक्यात.

या मोजणीत मेंदूला बरंच काम आहे. आताच घातलेला टाका, पुढचा टाका आणि पूर्ण चौकोनाचा आराखडा अशा तीन गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यकारी स्मृती म्हणतात ती हीच, आणि वयानुसार जी क्षमता लवकर उतरते तीही हीच. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या डेनिस पार्क यांनी म्हातारपणीच्या स्मृतीवर एक नेटका प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाच्या २२१ जणांना वेगवेगळ्या गटांत विभागलं. एका गटाला गोधडीसारखं तुकडेजोड शिवणकाम शिकवलं, दुसऱ्याला डिजिटल छायाचित्रण, तिसऱ्याला दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. आणखी एका गटाला नुसतं एकत्र जमायला, सहलीला जायला, गप्पा मारायला सांगितलं; एकाला घरी बसून संगीत ऐकायला, शब्दकोडी सोडवायला. तीन महिन्यांनी प्रसंग आणि मजकूर लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली ती नवं कसब शिकणाऱ्यांची. केवळ गप्पांनी किंवा शब्दकोड्यांनी तेवढा फरक पडला नाही.

आपल्यासाठी यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. फायदा झाला तो *नवं* आणि *अवघड* शिकल्यामुळे. जी बाई दहाव्या वर्षापासून आरसे बसवते आहे तिला तोच आरसा पुन्हा बसवण्यात शांती मिळेल, स्मृतीला ताण मिळेलच असं नाही. तिने विसरलेला टाका जुन्या काचळीवरून उलगडून पुन्हा जमवला, किंवा नातीला शिकवताना आपल्या बोटांना जे कळतं ते शब्दांत मांडायचा खटाटोप केला, तर मात्र डोकं चालतं. वर्षानुवर्षं हाताने केलेली गोष्ट तोंडाने समजावणं भलतंच कठीण असतं. कुणाला भाकरी थापायला शिकवून पाहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

स्मृतीपेक्षाही मनाच्या स्वास्थ्याबद्दलचा पुरावा मोठा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ६५ वर्षांवरचे ९३,२६३ लोक, १६ देश, काही वर्षं चाललेल्या पाच मोठ्या पाहण्या. ज्यांना काही ना काही छंद होता त्यांच्यात खिन्नतेची लक्षणं कमी होती. आरोग्य, आनंद आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त होतं. छंद असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण स्पेनमध्ये ५१ टक्के तर डेन्मार्कमध्ये ९६ टक्के, म्हणजे देशादेशांत मोठं अंतर. तरीही छंद आणि स्वास्थ्य यांचं नातं सगळीकडे एकाच दिशेचं निघालं.

इथे एक रास्त शंका येते. आधीच धडधाकट आणि आनंदी असलेली माणसंच छंद जोपासत असतील, तर गुण कुणाचा? संशोधकांनाही ती आली होती. म्हणून त्यांनी एका माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच माणसाशी केली: छंद नसतानाच्या वर्षी तो कसा होता आणि छंद लागल्यानंतर कसा आहे. त्यामुळे स्वभाव, शिक्षण, बालपण अशा न बदलणाऱ्या गोष्टींचा प्रभाव हिशेबातून वगळला गेला. एवढं करूनही कार्यकारण पक्कं ठरत नाही, पण शंका बरीच कमी होते. या सोळा देशांत भारत नाही. त्यामुळे वऱ्हाडातल्या म्हातारीबद्दल हा अभ्यास थेट काही सांगत नाही. चीन आणि जपान मात्र त्यात आहेत, म्हणजे ही केवळ युरोप-अमेरिकेची गोष्ट राहत नाही.

असं का होत असावं? एक धागा शरीराचा आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं माती, रंग, कागद देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं, आणि ज्यांनी पूर्वी कधी कुंचला धरला नव्हता त्यांच्यातही झालं. हे लोक साठीच्या आतले होते आणि संख्याही लहान, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. दुसरा धागा लक्षाचा. मुलगा कामाला गेला त्याचा फोन नाही, सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, सोयाबीनला भाव नाही: हे विचार म्हातारीच्या डोक्यात दिवसभर तेच ते फिरत राहतात. धागे मोजायला घेतले की त्यांना जागा उरत नाही, कारण मोजणी चुकली तर ओळ उसवावी लागते. काळजी संपत नाही, तासभर थांबते. त्या तासाचं मोल काय, ते रात्र रात्र झोप न येणाऱ्या बाईला विचारावं.

तिसरा धागा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दिवसातलं बाकीचं काम खाल्लं जातं, मळतं, पुन्हा करावं लागतं. भाकरी संपते, सारवलेलं अंगण दुसऱ्या दिवशी उखडतं. भरलेला चौकोन उरतो, दाखवता येतो, लेकीला देता येतो आणि पन्नास वर्षांनी तो कुणाच्या हातचा हे ओळखता येतं.

आता हे सुटतं कुठे ते बघू. पहिलं कारण डोळा.

वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. लहान मूल नाकासमोर धरलेली वस्तूही स्पष्ट बघतं, कारण त्याचं भिंग हवं तसं फुगतं. साठीपर्यंत ही लवचिकता जवळपास संपते. मग लांबची एसटी दिसते आणि हातातल्या सुईचं नाक दिसत नाही. चाळीस सेंटिमीटरवर स्पष्ट दिसायला साधारण अडीच नंबरचं भिंग लागतं, भरतकामासाठी कापड आणखी जवळ, फूटभरावर धरायचं तर तीनच्या आसपास. हा आजार नाही, सगळ्यांना होतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे चाळिशीचा साधा चष्मा. तरीही खेड्यातल्या कित्येक बायकांकडे तो नसतो. "आता दिसत नाही" म्हणून सुई बाजूला ठेवली जाते आणि घरातले लोक म्हणतात, वय झालं. वय झालं हे खरं. पण सुई सुटली ती तीन नंबरच्या भिंगाअभावी.

हे भिंग काय करू शकतं याची मोजणी भारतातच झाली आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक चाचणी घेतली गेली. काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, काहींना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली, पन्नाशीपुढच्यांत तर ३२ टक्क्यांच्या जवळपास. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये हे निष्कर्ष आले. पानं खुडण्यापेक्षा आरसा बसवणं कितीतरी बारीक काम आहे. तिथे चष्म्याविना काम कमी होत नाही, बंदच होतं.

मोतीबिंदूची गोष्ट थोडी वेगळी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांची शिबिरं आता खेड्यांतही माहीत झाली आहेत. पण शस्त्रक्रियेत बसवलेलं कृत्रिम भिंग बहुधा लांबचं दिसण्यासाठी ठरवलेलं असतं. ते फुगत नाही, त्यामुळे जवळचा चष्मा नंतरही लागतोच. हे नीट सांगितलं गेलं नाही तर बाई म्हणते, डोळ्याचं ऑपरेशन केलं तरी सुई दिसेना, आणि आशा सोडते. शिवाय साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होतं. गडद लाल कापडावर निळ्या दोऱ्याने काम करणाऱ्या बाईला हा फरक फार जाणवतो. घराच्या दारात, उजेडाकडे पाठ करून आणि खांद्यावरून प्रकाश हातावर पडेल असं बसलं तर बरंच साधतं. सकाळी नातवाकडून पाच-सहा सुयांत दोरा ओवून घेऊन त्या उशीला टोचून ठेवायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. शिवणाच्या दुकानात पातळ तारेचं दोरा ओवायचं साधनही मिळतं, अगदी थोड्या पैशांत.

हाताचं दुखणं हे दुसरं कारण. सत्तरीच्या बाईच्या बोटांच्या पेरांवर गाठी आलेल्या असतात, अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा दुखतो. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या हातांचा दुखणारच. बारीक सुई चिमटीत धरणं या सांध्याला जड जातं. सुईच्या मागच्या भागाला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली, दर वीस मिनिटांनी हात मोकळा केला, सकाळी कोमट पाण्यात बोटं हलवली, तर काम चालू राहू शकतं.

तिसरं कारण वेळ. वृद्ध बाईला वेळच वेळ असतो, हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनमोबदला काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास जात असल्याचं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. वय वाढलं म्हणून हे काम सुटत नाही, त्याचं रूप बदलतं. दिवाळीनंतर तांड्यांवरून ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर माणसं जातात. मागे नातवंडांसह म्हातारी राहते. तिने शाळेचं बघायचं, शेळी बघायची, रेशन आणायचं. तिच्या सुईला उसंत मिळायची असेल तर कुणीतरी दुपारचे दोन तास त्या नातवंडांना सांभाळलं पाहिजे. अंगणवाडी सुटल्यावर मुलं जिथे खेळतात त्याच ओट्यावर चार म्हाताऱ्या एकत्र शिवायला बसल्या, तर मुलांवर नजर राहते आणि हातही चालतो.

एकत्र बसण्यावरून चौथ्या गोष्टीकडे येते, आणि ती म्हणजे गाणं. तांड्यावर सुई आणि गाणं यांची ताटातूट कधी नव्हतीच. होळीला लेंगी. श्रावणात तीज: मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, भोवती गातात आणि गोकुळाष्टमीच्या आसपास ते हिरवे कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. लग्नात ढावलो, माहेर सोडणाऱ्या मुलीने रडत गायचं गाणं. नवरी ते म्हाताऱ्या बायकांकडून शिकायची. म्हणजे तांड्याच्या सर्वांत कठीण प्रसंगी तरुण मुलीला आजीकडे जावंच लागायचं. आता मंडपात ध्वनिवर्धक वाजतो.

समूहगायनाबद्दल ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक सुंदर निरीक्षण नोंदवलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत काही गट गाणं शिकत होते, काही हस्तकला, काही लेखन. सात महिन्यांनंतर तिन्ही प्रकारच्या गटांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती. पण गाणाऱ्यांची ही जवळीक अगदी सुरुवातीच्या दिवसांतच जमली, हस्तकलेवाल्यांना वेळ लागला. दोन अनोळखी बायकांना एकत्र बसवायचं असेल तर आधी गाणं आणि मग सुई, हा क्रम त्यामुळे शहाणपणाचा ठरतो.

मानोरा गावातल्या बिगर-बंजारा घरांतही असंच भांडवल आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाईची गाणी होतात. गोधडी शिवणाऱ्या बायका आहेत, हरिपाठ म्हणणारी भजनी मंडळं आहेत, संक्रांतीच्या रांगोळीत ठिपक्यांचा हिशेब न चुकणाऱ्या आज्या आहेत. जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'परी' या ग्रामीण संग्रहात ऐकायला मिळतात. ओव्या संपल्या त्या बायकांना यायच्या थांबल्या म्हणून नाही. गिरणी आली, जातं थांबलं आणि पहाटे ओवी म्हणायला निमित्त उरलं नाही. दळणाचे कष्ट गेले ते चांगलंच झालं. पण गाण्यासाठी दुसरं निमित्त कुणी तयार केलं नाही. भरतकामाचंही तेच होऊ घातलं आहे.

निमित्त निर्माण करण्याचा एक मार्ग बाजार. कर्नाटकात बळ्ळारीकडे संदूरला लंबाणी बायकांचं भरतकाम संघटितपणे चालतं. लंबाणी म्हणजे आपले बंजाराच. तिथल्या कामात चौदा प्रकारचे टाके नोंदवले आहेत, किलन, वेले, बखिया, माकी, रेलो असे. २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेहून अधिक बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम नोंदवला गेला. पैसा आला, प्रतिष्ठा आली. निराधार योजनेच्या दरमहा दीड हजारांवर जगणाऱ्या बाईला स्वतःच्या हातचे दोन हजार मिळाले तर तिच्या स्वास्थ्यावर त्याचा जो परिणाम होईल तो कुठल्याही छंदापेक्षा मोठा असेल, हे मान्यच केलं पाहिजे.

पण मोबदल्याला एक दुसरी बाजू आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर शोभिवंत प्रशस्तिपत्र मिळेल. दोनेक आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांची आवड तशीच होती. मुलांचा निष्कर्ष म्हाताऱ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी शहरातल्या व्यापाऱ्याने ठरवलेली नक्षी, ठरवलेला रंग, नगामागे दर आणि शुक्रवारची मुदत असं झालं की तेच भरतकाम मजुरी बनतं, हे समजायला प्रयोगाचीही गरज नाही. विकायच्या पिशव्या एका बाजूला आणि नातीच्या लग्नासाठी मनाजोगती काचळी दुसऱ्या बाजूला, अशी दोन कामं वेगळी ठेवता आली तर बरं.

तमिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यातल्या सिट्टिलिंगी खोऱ्यात हे चांगलं जमलेलं दिसतं. तिथे १९९० च्या दशकात एका डॉक्टर दांपत्याने, रेगी जॉर्ज आणि ललिता रेगी यांनी, झोपडीत दवाखाना सुरू केला. खोऱ्यातल्या लंबाडी, म्हणजे बंजाराच, तांड्यांवर भरतकाम जवळपास विसरलं गेलं होतं. नीट येत होतं ते दोन वयस्कर बायकांना. डॉक्टर ललितांनी त्या दोघींना शिक्षिका केलं. त्यांच्याकडून तरुण बायका शिकल्या आणि 'पोरगाई' नावाची कारागीर बायकांची संस्था उभी राहिली. डॉक्टरांनी हे काम आरोग्याच्या कामापासून वेगळं मानलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्या दोन म्हाताऱ्यांचं काय झालं असेल ते बघा. कालपर्यंत त्यांच्या विद्येचं गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आणि एक दिवस दारात शिकायला रांग लागली.

मानोरा तालुक्याला यासाठी एक जागा आयतीच मिळाली आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजारांचा इतिहास, पेहराव, जीवनरीत तिथे मांडली आहे. ते व्हायलाच हवं होतं. आता दालनांतल्या वस्तू ज्या करू शकतात त्या बायका तिथून काही कोसांवरच्या तांड्यांवर राहतात. आठवड्यातून एक दुपार त्यांना गाडी पाठवून तिथे बोलवावं. चांगल्या उजेडाची खोली, पाठ टेकायला भिंत, चहा. नक्षी त्यांच्या मर्जीची. दोरा, आरसे, कापड संस्थेने द्यावं आणि झालेली वस्तू बाईने घरी न्यावी. शाळेतल्या मुलींना त्या दिवशी तिथे येऊ द्यावं, त्यात बंजारा नसलेल्याही असाव्यात, म्हणजे आजीला शिकवावं लागेल. मोबाइलवर टाक्यांचे फोटो कसे काढायचे ते मुलींनी आजीला शिकवावं. डॅलसच्या प्रयोगात स्मृती सुधारलेल्यांपैकी एक गट छायाचित्रणाचाच होता. बंजारांची गोरबोली महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणात परस्परांना समजते, तेव्हा संदूरची एखादी शिक्षिका पोहरादेवीला येऊन विसरलेले टाके स्वतःच्याच बोलीत दाखवू शकेल.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी एक काम आहे, आणि त्याला इमारत लागत नाही. रामनवमीच्या यात्रेत आरोग्याचे तंबू लागतात. तिथे रक्तदाब तपासतात, साखर तपासतात. त्याच टेबलावर एक, दीड, दोन, अडीच आणि तीन नंबरचे तयार चष्मे ठेवावेत, आणि अक्षरांच्या तक्त्याऐवजी प्रत्येक बाईच्या हातात सुई आणि लाल दोरा द्यावा. ज्या चष्म्यातून तिला दोरा ओवता येईल तो तिचा.